‘नाही’ची किंमत : घड्याळाच्या काउंटरवरची तेवीस वर्षं

२००१ च्या जूनमध्ये मी दक्षिण मुंबईतल्या एका घड्याळांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले आणि २०२४ च्या दिवाळीनंतर तिथून बाहेर पडले. दुकानाचं नाव सांगत नाही. शेठ अजून आहेत, दर पाडव्याला त्यांचा फोन येतो. मी डोंबिवलीची, बी.कॉम. झालेली, वडील रेल्वेत. महाग घड्याळ म्हणजे काय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. सकाळी तिजोरीतून एक घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि संध्याकाळी वहीत सही घेऊन ते परत तिजोरीत ठेवलं. पुढे रोज हेच. दिवसभर हातावर लाखोंचा ऐवज, आणि घरी जाताना लोकल आली का हे बघायला स्टेशनचं घड्याळ.

या वर्षांत जे शिकले ते आठवेल तसं लिहिते आहे. क्रमाला काही अर्थ नाही.

१. वेळ बघायला कुणी येत नाही

नवी असताना मी पाठ केलेलं बोलायचे : प्रमाणपत्र मिळालेलं यंत्र आहे, दिवसाला सरासरी फार तर चार सेकंद मागे नाहीतर सहा सेकंद पुढे. मागच्या खोलीत दुरुस्तीला बसणारे आमचे घड्याळजी काका ते ऐकून हसायचे. एकदा भिंगातून डोळा न काढताच म्हणाले, “पोरी, त्यात आपण एकोणसत्तर सालीच हरलो. दुसरं काहीतरी बोल.”

१९६९ च्या नाताळच्या दिवशी सेइकोने टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा टोयोटाची लहान गाडी येत होती. पुढे हेच तंत्र इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या घरात असलेले कामगार ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तीस-पस्तीस हजारांवर आले. आज फुटपाथवरचं पाचशे रुपयांचं घड्याळ आमच्या शोकेसमधल्या दहा लाखांच्या घड्याळापेक्षा बरोबर वेळ दाखवतं. गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. त्याला आठवण करून द्यायची नसते, एवढंच.

त्या पडझडीतून बाहेर पडायची युक्ती ज्यांनी काढली त्यांत झां-क्लोद बिव्हर हे नाव मोठं. त्याने आणि जाक पिगेने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लांपां’ हे झोपलेलं नाव अवघ्या बावीस हजार फ्रँकना विकत घेतलं आणि जाहिरात सुरू केली, की १७३५ पासून आम्ही क्वार्ट्झचं घड्याळ कधी केलं नाही आणि करणारही नाही. म्हणजे जी उणीव म्हणून लपवायची, तिचीच पाटी केली. पुणे-नाशिक रस्त्यावर ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या लागलेल्या बघते तेव्हा मला बिव्हर आठवतो. घरोघरी गॅस आल्यावरच चुलीला भाव येतो. १९९२ मध्ये ते नाव विकलं तेव्हा त्याचे सुमारे सहा कोटी फ्रँक आले.

२. पडून राहिलेल्या मालाला नावं ठेवू नयेत

माझ्या सासूबाईंना मी एकदा पंधरा लाखांच्या एका घड्याळाबद्दल सांगत होते. त्यांनी विचारलं, कशाचं आहे? म्हटलं, स्टीलचं. क्षणभर गप्प राहून म्हणाल्या, “मग नाव तरी घालून देतात का त्यावर?”

२००१ साली आमचं बहुतेक गिऱ्हाईक सासूबाईंच्याच मताचं होतं. त्या वर्षी १ एप्रिलला आयातीवरचे उरलेसुरले संख्येचे निर्बंध उठले होते. त्याआधी परदेशी घड्याळ म्हणजे आखातातून येणाऱ्याच्या हातात आलेलं किंवा बंदरातून गुपचूप उतरलेलं. राडो हा शब्द लग्नाच्या याद्यांत असायचा. चकाकलं पाहिजे, पिवळं दिसलं पाहिजे, लांबून कळलं पाहिजे, अशी आवड. पूर्ण सोन्याचं परवडत नसेल तर अर्धं पिवळं अर्धं पांढरं. स्टीलचं घड्याळ दाखवलं की “यात सोन्याचं नाही का?” हा प्रश्न ठरलेला.

आणि हे आपलंच अडाणीपण, असंही नाही. ऑडमार पिगेने १९७२ मध्ये ‘रॉयल ओक’ आणलं तेव्हा युरोपातही लोक असेच चक्रावले होते. चेहरा अष्टकोनी, स्क्रू उघडे, धातू स्टील आणि किंमत अनेक सोन्याच्या घड्याळांहून जास्त. जेराल्ड जेंटाने त्याचं चित्र एका रात्रीत काढलं, असं तो स्वतः सांगत असे. सुरुवातीला ते भराभर खपलं नाही. रोलेक्सच्या ‘डेटोना’मधल्या ज्या विचित्र डायलला आज ‘पॉल न्यूमन’ म्हणतात, तोही त्या काळी दुकानातून लवकर हलत नसे. २६ ऑक्टोबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये खुद्द पॉल न्यूमन या नटाचं घड्याळ लिलावात निघालं आणि १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं.

आमच्या शोकेसमध्येही असंच एक अष्टकोनी, निळ्या डायलचं घड्याळ चौदा महिने बसून होतं. रोज सकाळी मी त्याला मऊ फडक्याने पुसायचे, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर लावायचे आणि परत ठेवायचे. २००८ च्या मंदीत नाशिकच्या एका डॉक्टरांना ते पंधरा टक्के सवलतीत दिलं. शेठनी त्या दिवशी पेढे वाटले. डॉक्टर पुढे पुन्हा येतील.

३. जे नाही तेच विकलं जातं

माझे वडील चेतकसाठी नंबर लावून आले तेव्हा मी बालवाडीत होते. स्कूटर दारात आली तेव्हा चौथीत. ज्यांना थांबायचं नसे ते ‘ऑन’, म्हणजे किमतीवर वरचे पैसे, देत. नुसत्या नोंदणीच्या पावतीलाही ऑन मिळायचा. आमच्या चाळीत एका काकांनी पावती विकून मुलीच्या लग्नाचा हॉल केला होता.

२०१५-१६ नंतर तोच ‘ऑन’ मी पुन्हा पाहिला, पण वातानुकूलित दुकानात आणि इंग्रजीत. स्टीलची ठरावीक पाच-सहा घड्याळं छापील किमतीला काउंटरवर मिळेनाशी झाली आणि बाहेर दीडपट-दुप्पट भावाने विकली जाऊ लागली. चेतकच्या आकुर्डीच्या कारखान्याला सरकारी परवान्याने बांधून ठेवलं होतं. जिनिव्हाला कुणी बांधलेलं नाही. हाताने करायच्या कामाला मर्यादा असते हे खरं, पण किती करायचं हे तेच ठरवतात. आकडे सांगते. २०११ मध्ये स्वित्झर्लंडने जवळजवळ तीन कोटी घड्याळं बाहेर पाठवली आणि सुमारे १९ अब्ज फ्रँक मिळवले. २०२३ मध्ये घड्याळं १ कोटी ६९ लाख, आणि मिळकत २६.७ अब्ज. खालची स्वस्त घड्याळं मोबाइलने आणि स्मार्टवॉचने खाल्ली. वरच्यांनी नग वाढवण्याऐवजी भाव वाढवला.

आणि मला विक्रीचं सगळं उलटं शिकावं लागलं. आधीची पंधरा वर्षं मी ‘घ्या ना’ म्हणायला शिकले होते. आता ‘नाही’ म्हणायला शिकायचं होतं, तेही गोड. “सध्या नाहीये सर, पण तुमचं नाव यादीत घालते.” लोकांना वाटे ही यादी म्हणजे रांग. रांगेत आधी आलेल्याला आधी मिळतं. आमची यादी लग्नाच्या पंगतीसारखी होती : कोणाला पहिल्या पंगतीला बसवायचं, कोण मागून आला तरी चालेल. बायकोसाठी हिऱ्यांचं घेतलं आहे का, दुसऱ्या ब्रँडचं पडून असलेलं काही उचललं आहे का, मागच्या वेळी दिलेलं घड्याळ महिन्याभरात बाजारात तर विकलं नाही ना. याला दुकानात ‘हिस्टरी’ म्हणत. चाळीस वर्षांचा कारखानदार माझ्यासमोर बसून आपली हिस्टरी सांगायचा, जसा मुलगा नोकरीच्या मुलाखतीत सांगतो. पुढे काही मोठ्या दुकानांत शोकेसमधल्या घड्याळांपुढे ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशा पाट्या आल्या. मिठाईच्या दुकानात बर्फीसमोर अशी पाटी लावून बघा.

आमच्या बाजूनेही सांगायला हवं. घड्याळावरची प्लॅस्टिकची पट्टी आम्ही गिऱ्हाइकासमोर सोलून काढायचो, काही ठिकाणी वॉरंटी कार्ड वर्षभर ठेवून घेत. उगाच त्रास द्यायला नाही. कोरं घड्याळ दारातून बाहेर पडताच दलालाकडे जाऊ नये म्हणून. पण हे अपमानास्पद होतं. एका बाईंनी मला विचारलं, “मी पैसे दिले आणि गुन्हेगारही मीच?” मला उत्तर सुचलं नाही.

४. दुकानदारही कोणाचं तरी गिऱ्हाईक असतो

गिऱ्हाइकाला वाटतं की ‘हे घेतलंत तर ते मिळेल’ ही दुकानदाराची चलाखी. २०१३ मध्ये शेठनी मला बाझेलच्या घड्याळांच्या जत्रेला नेलं. नवं दालन त्याच वर्षी उघडलं होतं, प्रचंड, वर आकाशाकडे गोल भोक. आम्ही एका ब्रँडच्या खोलीत बसलो, कॉफी आली, आणि एका तरुणाने शेठना हसत हसत सांगितलं की तुम्हाला हवी ती चार घड्याळं मिळतील, त्याबरोबर ही वीस. त्या वीसमधली किती विकली जाणार हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. शेठनी सही केली. माझ्या तेवीस वर्षांत मी त्यांना घाम पुसताना तेव्हाच पाहिलं.

त्या वीसचं काय होतं? आधी सवलत, मग जास्त सवलत, मग हळूच बाहेरच्या दलालाला ठोक भावाने. हा मागचा दरवाजा जगभर उघडा होता. त्याला एक निमित्त चीनचंही झालं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये शान्शी प्रांतात मोठा अपघात झाला, तिथे यांग दात्साय नावाचा अधिकारी हसताना फोटोत सापडला. लोक संतापले आणि त्याचे जुने फोटो काढून मनगटं मोजू लागले : दर फोटोत वेगळं महागडं घड्याळ. ‘घड्याळवाले दादा’ असं नाव पडलं. पुढच्या वर्षी त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. भेट म्हणून सोन्याचं घड्याळ देण्याची तिथली चाल एकदम आवरली गेली, कारण घेणारा आता ते घालू शकत नव्हता. माल तुंबला. रिशमाँ समूहाने दोन वर्षांत जवळपास ४८ कोटी युरोंचा माल दुकानांतून परत घेतला आणि त्यातला बराचसा मोडीत काढला. भाव पडू नये म्हणून चालू घड्याळं मोडायची! काकांना ही बातमी मी वाचून दाखवली. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि त्या दिवशी दुपारनंतर काम केलं नाही.

५. मनगट तेवढंच राहतं

रोलेक्सचं ‘एक्सप्लोरर’ १९५३ पासून ३६ मिलिमीटरचं. २०१० मध्ये ते ३९ केलं, कारण मोठ्या घड्याळांची लाट होती; ४४-४५ मिलिमीटरची थाळी बांधून लोक फिरत होते, शर्टाची बाही वर अडकायची. २०२१ मध्ये ते परत ३६ झालं आणि लहान घड्याळ कसं अभिजात असतं यावर लेख आले. २०२३ मध्ये त्यांनी ४० चंही आणलं. या धड्यावर माझं आणखी काही म्हणणं नाही.

६. ट्रे कसा मांडायचा

हे मी नव्या मुलींना शिकवायचे. ट्रेमध्ये एका वेळी तीनच. सगळ्यांत महाग आधी, म्हणजे मधलं रास्त वाटतं. गिऱ्हाइकाची पाठ दाराकडे. पाणी आधी, चहा नंतर, कारण चहा संपेपर्यंत माणूस उठत नाही. किंमत विचारेपर्यंत सांगायची नाही. घड्याळ हातात बांधलं की बोलणं बंद. लोक अशा वेळी आपणहून बोलतात, बहुतेक वडिलांबद्दल. नवरा-बायको आले असतील तर नवऱ्याला घड्याळ आणि बायकोला आरसा, कारण होकार तिचा असतो. आणि शेवटी : “पट्टा जरा सैल होतोय ना, दोन कड्या काढून बघू का?” कड्या काढल्या की घड्याळ त्यांचं झालं. पैसे नंतर दिले जातात, पण विक्री त्या छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या वेळी झालेली असते. कड्या काढल्यावर परत गेलेली गिऱ्हाइकं मला बोटावर मोजता येतील.

पितृपक्षात ट्रे काढायची गरज नसे. अधिक महिन्यात मात्र दम खायला फुरसत नसे. २०२३ चा अधिक श्रावण मला आठवतो. अनारशांचा डबा पिशवीत आणि जावयाचं मनगट किती इंच हे चिठ्ठीवर, अशा सासवा यायच्या. त्यांना यादी, हिस्टरी काही ठाऊक नव्हतं. सोनेरी हवं, बिल जावयाच्या नावाने नको. अशी गिऱ्हाइकं मला फार आवडायची.

७. गोष्ट आणि खोटं यांत बोटभर अंतर

मर्सिडीज ग्लाइत्झ ही इंग्लिश खाडी पोहून जाणारी मुलगी रोलेक्सच्या जाहिरातीत आली, हे घड्याळांच्या इतिहासातल्या पहिल्या धड्यासारखं सांगतात. ७ ऑक्टोबर १९२७ ला ती खाडी पोहून गेली. त्यावर शंका घेतल्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा उतरली, आणि घड्याळ होतं ते या दुसऱ्या वेळी, गळ्यात बांधलेलं. ते पोहणं थंडीमुळे पूर्ण झालं नाही. घड्याळ मात्र चालू राहिलं, आणि नोव्हेंबरात ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने जाहिरात दिली. यात खोटं काही नाही. कुठला भाग मोठ्या अक्षरात छापायचा, एवढीच कला.

खोटं कसं असतं ते बघायचं तर आपल्याकडेच या. जुनं एचएमटी किंवा फाव्र-ल्यूबा घ्यायचं, डायल खरवडून गडद रंग द्यायचा, नाव नव्याने छापायचं, कुठलं तरी यंत्र आत बसवायचं आणि परदेशातल्या हौशी लोकांना विकायचं. त्या मालाला जगभर ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आमच्या गावाचं नाव घड्याळांच्या दुनियेत असं झालं, याचं मला वाईट वाटतं. फाव्र-ल्यूबा मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून होतं, वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये याच बाजारपेठेसाठी उभी राहिली. तेव्हाची खरी घड्याळं अजून कोकणातल्या पेट्यांत निघतात. काकांकडे अशी आली की ते आधी एकच सांगायचे : “डायल रंगवू नका. डाग असू दे.” लोक ऐकत नसत. आता त्याच डागांना लिलावात भाव येतो.

८. ८ नोव्हेंबर २०१६

रात्री आठला नोटबंदीचं भाषण झालं. साडेआठला दुकानाचा फोन वाजायला लागला. ज्यांना वर्षभर फोन करूनही वेळ नव्हता ते विचारत होते, “काहीही द्या, किती आहेत?” शेठनी फोनची वायर काढली आणि शटर ओढलं. त्या रात्री कळलं की काही लोकांसाठी आमचं घड्याळ म्हणजे फक्त नोटांपेक्षा कमी जागा घेणारी वस्तू होती.

९. भाव विचारणाऱ्याला सल्ला देऊ नये

हा धडा मला महाग पडला. २०२१ मध्ये घरी बसलेल्या, शेअरमध्ये आणि क्रिप्टोत कमावलेल्या तरुण मुलांनी आमचा धंदा डोक्यावर घेतला. पाटेक फिलिपने निळ्या डायलचं स्टीलचं ‘नॉटिलस’ त्याच वर्षी बंद केलं. छापील किंमत पस्तीस हजार डॉलरच्या आसपास, बाहेर एक लाखाच्या पार. डिसेंबरात टिफनीच्या निळ्या डायलचं एक लिलावात ६५ लाख डॉलरना गेलं. अशी १७०च होणार होती. तेवीस-चोवीस वर्षांची मुलं काउंटरवर घड्याळ हातात न घालताच विचारायची, “रिसेल काय आहे?”

२०२२ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या डॉक्टरांचा फोन आला. तेच, २००८ चं अष्टकोनी. कोणीतरी त्यांना त्याचा आजचा भाव सांगितला होता आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. “विकू का?” मी म्हटलं, “थांबा, अजून वर जाईल.” असं सांगायला मी कोण होते? काही महिन्यांत व्याजदर चढले, क्रिप्टो कोसळलं आणि वर्ष सरेपर्यंत त्यांना मिळणारी ऑफर एक तृतीयांशाने खाली आली. मी लाजेने फोन केला. ते हसले. “अहो, मी ते वेळ बघायला घेतलं होतं.”

माझ्या तेवीस वर्षांत असं म्हणणारा हा एकच माणूस.

१०. हवा फिरली आहे

डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने वापरलेली घड्याळं तपासून आपल्या शिक्क्याने विकायला सुरुवात केली, पुढच्या ऑगस्टमध्ये बुखरर ही दुकानांची मोठी साखळीच विकत घेतल्याचं जाहीर केलं. म्हणजे आता ‘ऑन’ही घरातच राहणार. २०२४ मध्ये चीनला जाणारा स्विस माल साधारण चौथाईने घटला. काही ब्रँडची घड्याळं पुन्हा सवलतीत मिळू लागली आणि मुली पुन्हा ‘घ्या ना’ शिकू लागल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून भारताचा स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला, त्यात घड्याळांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. ओळखीचे लोक फोन करून विचारतात, थांबू का? नवव्या धड्यानंतर मी उत्तर देत नाही. इतकंच सांगते, की ड्यूटी दिल्ली ठरवते आणि यादी दिल्लीच्या हातात नाही.

आणि घ्यायचंच ठरलं असेल तर : कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. भिंग मागा, देतात. मिळणार नाही म्हणाले तर दुसऱ्या कुठल्या घड्याळाने ती जागा भरू नका. आणि समोरच्या मुलीने तो छोटा स्क्रूड्रायव्हर उचलला, की तिला थांबायला सांगून एक चहा बाहेर टपरीवर पिऊन या.